वारल्यांचा चौक, धनगरांचे घोंगडे आणि शाळेची भिंत

जत तालुक्यातील अनेक प्राथमिक शाळांच्या भिंती अलीकडच्या काळात चित्रांनी सजल्या आहेत. गेरूच्या तांबड्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली दोन त्रिकोणांची माणसे, डोक्यावर मडके घेतलेल्या स्त्रिया, ताडाचे झाड, भाताची लावणी आणि वाद्य वाजविणाऱ्या एका पुरुषाभोवती फिरणारी नाचकऱ्यांची रांग, असा या चित्रांचा ठरलेला विषय असतो. चित्रे सुबक आहेत, भिंतींना शोभा आली आहे आणि ती काढण्यासाठी शिक्षकांनी आपले सुट्टीचे दिवस खर्ची घातले आहेत, ही गोष्ट कौतुकाचीच होय. तथापि त्या भिंतीखाली बसणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलाने, ‘गुरुजी, ही माणसे कोण? ती चिखलात वाकून काय करीत आहेत?’ असे विचारल्यास काय उत्तर द्यावयाचे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. ज्या मुलाने जन्मात भाताचे खाचर पाहिलेले नाही, ज्याच्या शिवारात बाजरी, ज्वारी व तूर पिकते आणि ज्याच्या शेजारघरचा मेंढपाळ वर्षाचे कित्येक महिने परमुलखात असतो, त्याच्या शाळेच्या भिंतीवर मात्र दुसऱ्याच मुलखातील भात पिकते आहे!

दुसऱ्या मुलखाचे चित्र आपल्या भिंतीवर काढूच नये, असा याचा अर्थ नाही. परंतु ते कोणी काढले, कोणत्या भूमीवर काढले आणि कोणत्या प्रसंगी काढले, हे मुलांस समजले पाहिजे. आणि ते समजल्यावर आपल्या माळरानाचेही असे काही आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला पाहिजे. परिसर अभ्यास व कला या दोन विषयांच्या तासांना हा पाठ घेता येईल. त्यासाठी शिक्षकांस जी माहिती असावी लागेल ती प्रथम देऊन, अध्यापनासंबंधीच्या सूचना शेवटी दिल्या आहेत.

वारली आणि त्यांची भूमी

वारली ही आदिवासी जमात मुख्यत्वे पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आणि लगतच्या गुजरातेत व दादरा-नगरहवेलीत राहते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जुन्या पुस्तकांतून म्हणूनच ‘ठाणे जिल्ह्यातील वारली’ असा उल्लेख आढळतो. नकाशा दाखविताना हे सांगावे, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीचे डोंगर आणि मधल्या उताराच्या पट्ट्यात रान व भातखाचरे, अशी ही भूमी आहे. ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावरून वारली हे नाव पडले, असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती खरी मानली तर या लोकांचे नावच जमिनीवरून आलेले आहे.

वारल्यांचे मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. लग्नघरातील भिंतीवर सुवासिनी स्त्रिया हा चौक काढतात. त्यात पालघट देवी असते. ती रानाची, पिकाची आणि संततीची देवता होय. या देवचौकाजवळ पंचशिऱ्या देवाचाही चौक असतो. धवलेरी म्हणून ओळखली जाणारी स्त्री लग्नाची गाणी म्हणते व विधी चालविते. ब्राह्मणी लग्नात जे स्थान भटजीचे, ते येथे एका स्त्रीचे असते, ही बाब वरच्या वर्गातील मुलींस आवर्जून सांगण्यासारखी आहे. चौक काढल्याशिवाय आणि देवीला आवाहन केल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाच्या बाहेर मग झाडे, पशुपक्षी, शेतात राबणारी माणसे आणि तारपा वाजवून नाचणारे लोक येतात. तारपा हे वाद्य वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचे केलेले असते. म्हणजे तेही रानातून व परसातूनच आले.

चित्राचे सामान कोठून येते, हे शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. या पाठाचा गाभा तोच आहे. भिंत कुडाची, ती शेणामातीने लिंपलेली. तांबडा रंग गेरूचा, म्हणजे मातीचाच. पांढरा रंग तांदळाच्या पिठात पाणी कालवून केलेला. बांबूची काडी एका टोकाला चावून मऊ केली की तीच कुंचला. यातली एकही वस्तू दुकानातून आणलेली नाही. ज्या खाचरात लावणीसाठी वाकलेल्या स्त्रिया चित्रात दिसतात, त्याच खाचरातील तांदळाने त्या काढलेल्या असतात. भाताचे चित्र भातानेच काढण्याची ही रीत मुलांस समजली म्हणजे ‘पर्यावरण’ या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्याचे कारण उरणार नाही.

आकृत्यांविषयी अभ्यासक सांगतात की वर्तुळ हे सूर्य-चंद्रावरून आणि त्रिकोण हा डोंगरावरून व निमुळत्या झाडावरून आला, चौकोन मात्र माणसाने केलेला आहे. तो जमिनीचा किंवा देवाचा आखलेला भाग होय. नारणदेव, हिरवा, हिमाय, वाघदेव, कणसरी ही वारल्यांची दैवते पाहिली तर त्यांतही पाऊस, रान, जनावर आणि धान्याचे कणीस यांखेरीज फारसे दुसरे काही सापडत नाही.

भिंतीवरून कागदावर

१९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही चित्रे झोपडीच्या भिंतीवर निघत व भिंत लिंपली की पुसून जात. त्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या वतीने डहाणूच्या बाजूस आले. त्यांनी वारली स्त्रियांपुढे कागद व रंग ठेवले. त्याच वेळी गंजाड येथील जिव्या सोमा मशे हे पुढे आले. मशे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आई वारल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि ते धुळीत रेघा काढून आपले मनोगत सांगू लागले, अशी त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे. न बोलणारे एखादे मूल आपल्या वर्गात असेल तर त्याच्यासमोर पाटी-पेन्सिलीऐवजी कोरा कागद किंवा अंगणातील माती ठेवून पाहावी, एवढे या हकीकतीवरून शिक्षकांनी घेण्यासारखे आहे.

मशे यांनी लग्नाच्या प्रसंगाशिवाय, रोज, केवळ चित्रासाठी चित्र काढण्यास सुरुवात केली आणि पूर्वी स्त्रियांचे असलेले काम एका पुरुषाने हाती घेतले. १९७६ मध्ये त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिस येथे जगातील कलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरले त्यात त्यांची चित्रे होती. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे, माळावर चालत जाऊन दगडांच्या रेषा व वर्तुळे मांडणारे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी मशे यांचे काम मांडण्यात आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांपैकी मासे पकडण्याच्या जाळ्याचे चित्र फार प्रसिद्ध आहे. अतिशय बारीक रेघांचे भले मोठे जाळे सगळ्या चित्रभर पसरलेले असते आणि माणसे त्यापुढे मुंगीएवढी दिसतात. वारल्यांच्या मुलखातून नद्या व खाड्या समुद्राकडे धावतात, त्या पाण्यातील हे जाळे होय.

येथे एक उणीव नमूद करणे अवश्य आहे. शेकडो वर्षे चौक काढणाऱ्या सुवासिनींपैकी एकीचेही नाव कोठे लिहून ठेवलेले नाही. कागद आल्यावर कलावंतांची नावे झाली, पण ती बहुतेक पुरुषांची. आपल्याकडेही जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली होती?

चित्रातील जमीन कोणाची

वारली चित्रांत सर्वत्र आनंद दिसतो. नाच आहे, पीक आहे, लग्न आहे. त्यामुळे या लोकांचे जीवन नेहमीच सुखाचे होते, असा समज मुलांचा, आणि पुष्कळदा मोठ्यांचाही, होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्रजी अमदानीत या भागातील जमिनी हळूहळू सावकार व जमीनदार यांच्या हाती गेल्या आणि वारली आपल्याच खाचरात कूळ किंवा वेठबिगार झाले. लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, बायकोसह सावकाराच्या घरी राबत असे. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नाचा चौक ज्या भिंतीवर निघे, त्या भिंतीआड लग्नासाठी घेतलेल्या कर्जाची ही गुलामगिरी सुरू होई. चौकाचे सौंदर्य सांगताना ही दुसरी बाजू झाकू नये.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध लढा सुरू झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यात अग्रभागी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काही जणांचा बळी गेला. या लढ्याचे वर्णन गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात केले आहे. ते १९७० मध्ये निघाले आणि पुढे त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या शाळेच्या ग्रंथपेटीत हे पुस्तक असेल तेथील शिक्षकांनी ते स्वतः वाचावे. मुलांस त्यातील प्रसंग गोष्टीरूपाने सांगता येतात. पुढे वनजमिनीच्या हक्कासाठी २००६ चा वनहक्क कायदा आला आणि अनेक कुटुंबांनी आपल्या कसत्या तुकड्यांसाठी दावे केले.

समुद्राकडील बाजूसही हाच प्रश्न आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेथील वाढवणच्या किनाऱ्यावर मोठे बंदर बांधण्याचा विचार १९९० च्या दशकात निघाला आणि १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने तो अमान्य केला. पुढे तो पुन्हा निघाला, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदरामुळे व्यापार व रोजगार वाढेल, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात; मासेमारीच्या जागा जातील, म्हणून किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्यास विरोध केला आहे. सातवीच्या वर्गात या दोन्ही बाजू फळ्यावर मांडून मुलांस बोलते करावे. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे, हे उत्तम.

सालीवर लिहिलेला अर्ज

चित्र हे जमिनीचा व समुद्राचा दाखला होऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. त्या खंडाच्या उत्तरेस आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. तेथील यिर्काला या वस्तीत व आसपास योलंगू नावाचे मूळ रहिवासी राहतात. निलगिरीच्या जातीच्या एका झाडाची साल काढून, शेकून, सपाट करून तिच्यावर ते तांबड्या, पिवळ्या व पांढऱ्या मातीने आणि कोळशाच्या काळ्याने चित्रे काढतात. कुंचला मोजक्या केसांचा असतो. प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली असते. ती त्या कुळाच्या भूमीची व पाण्याची खूण असते. दुसऱ्या कुळाची नक्षी परवानगीवाचून काढणे हा तेथे मोठा अपराध समजला जातो. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्याशी या नक्षीची तुलना केल्यास मुलांस ती लवकर कळेल. मात्र सात-बारा तलाठ्याकडे असतो व ही नक्षी आजोबा नातवाला शिकवितो, एवढा भेद आहे.

१९६३ मध्ये तेथील सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी योलंगूंची जमीन त्यांस न विचारता वेगळी काढली. तेव्हा त्यांनी संसदेकडे अर्ज केला. अर्ज कागदावर टंकलिखित केला, त्यांच्या भाषेत व इंग्रजीत. आणि तो कागद सालीवर चिकटवून चोहोबाजूंनी आपल्या कुळांची नक्षी काढली. ऑगस्ट १९६३ मध्ये कॅनबेरा येथील लोकप्रतिनिधी सभेत हे अर्ज मांडले गेले. खाण थांबली नाही. १९७१ मध्ये न्यायालयातील दावाही ते हरले. तथापि त्या धडपडीतून १९७६ मध्ये उत्तर प्रदेशातील (हा ऑस्ट्रेलियाचा उत्तर प्रदेश होय, आपला नव्हे) मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांचा कायदा झाला.

यापुढील हकीकत समुद्राची आहे. १९९६ मध्ये योलंगूंच्या एका पवित्र जागी चोरून मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला आणि तेथे मगरीचे तोडलेले मुंडके पडलेले आढळले. योलंगूंच्या एका कुळाचे मगरीशी पूर्वजाचे नाते आहे. तेव्हा ही केवळ बेकायदा शिकार नव्हती, देवळाची विटंबना होती. याचे उत्तर म्हणून सत्तेचाळीस कलावंतांनी समुद्र, खाड्या, भरती-ओहोटी व नदीमुखे यांची ऐंशी सालचित्रे काढली. गोडे पाणी कोठे खाऱ्याला मिळते, कोणत्या कुळाचे पाणी कोठे संपते, हे सारे त्या नक्षीत होते. ही चित्रे सिडनी येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने घेतली. पुढे समुद्राच्या हक्काचा दावा चालला आणि ३० जुलै २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने असा निर्णय दिला की मूळ रहिवाशांच्या जमिनीवर भरतीचे जे पाणी येते त्यावर कोणी यावे व कोणी येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार त्या जमिनीच्या मालकांचा आहे. त्या प्रदेशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे ऐंशी टक्के किनाऱ्यास हा निर्णय लागू पडला.

नकलेचा प्रश्नही तेथे न्यायालयात गेला. मूळ रहिवाशांच्या चित्रांची नक्षी न विचारता गालिच्यांवर उतरविणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध १९९४ मध्ये कलावंतांच्या बाजूने निकाल झाला. आपल्याकडे वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाळेच्या भिंतीवर प्रेमाने काढलेले चित्र आणि बाजारात विकलेली नक्कल यांत अंतर आहे, हे मान्य. पण पालघट देवीचा चौक हा वारल्यांचा देव्हारा आहे. तो शौचालयाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शोभेसाठी काढणे उचित नाही. तारप्याचा नाच, शेतीकाम, प्राणी काढावेत आणि खाली ‘वारली चित्र, पालघर जिल्हा’ एवढे तरी स्पष्ट अक्षरांत लिहावे.

आपले माळरान

आता जतकडे वळू. जो पाऊस समुद्रावरून येऊन वारल्यांच्या खाचरांत कोसळतो, तोच वारा सह्याद्री ओलांडून जतपर्यंत पोहोचतो तेव्हा त्यात पाणी थोडेच उरलेले असते. तेथे भात होते आणि येथे बाजरी होते, याचे कारण एकच डोंगर आहे. हा पर्जन्यछायेचा पाठ नकाशावर बोट ठेवून शिकवावा. समुद्र जतच्या मुलाने पाहिलेला नसतो. परंतु समुद्राने पाठविलेला किंवा न पाठविलेला पाऊस त्याच्या घरातील प्रत्येक माणसाने अनुभवलेला असतो.

कमी पावसाच्या या भूमीने मेंढी पोसली आणि मेंढीने माणसे पोसली. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाची मेंढीची जात आहे. उंच, फुगीर नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेली. ती मांसासाठी पाळली जाते. घोंगड्याची लोकर मात्र काळ्या दख्खनी मेंढीची. लोकर कातरावयाची, पिंजावयाची, बायांनी चरख्यावर सूत काढावयाचे, चिंचोक्याची खळ द्यावयाची आणि मागावर घोंगडे विणावयाचे, असा त्याचा क्रम. वारल्यांच्या चित्राप्रमाणेच यातही परक्या मुलखातील वस्तू क्वचितच लागते. मेंढीचा काळा रंग हाच घोंगड्याचा रंग. पावसात पांघरावे, थंडीत अंथरावे, देवाच्या कार्यात त्यावर भंडारा उधळावा; एकच वस्तू इतक्या ठिकाणी उपयोगी पडते आणि तरीही कलेच्या तासाला तिचे नाव कोणी काढीत नाही.

धनगरांच्या ओव्यांत तर सगळा मुलूखच मांडलेला असतो. सुंबरान मांडून रात्रभर चालणाऱ्या या कथागायनात बिरोबा कोठून कोठे गेला, कोणत्या ओढ्यावर मेंढरे पाजली, कोणत्या माळावर वाडा उतरला, याचे वर्णन येते. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा, मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीचा महालिंगराया ही स्थळे जतच्या मुलांस ठाऊक असतात. कानडी मुलखात याच बिरोबास बीरप्पा म्हणतात आणि जतच्या पूर्व भागातील कानडी बोलणाऱ्या घरांतून त्याच देवाची पदे कानडीत गायिली जातात. सीमेने भाषा वेगळ्या केल्या, पण देव व मेंढरे दोन्हीकडची एकच राहिली. ढोल व कैताळाच्या ठेक्यावर रंगीत रुमाल उडवीत होणारे गजीनृत्य तर सर्वांनी पाहिलेले आहे. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) नावाचे जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यांवर जाऊन या ओव्या ध्वनिमुद्रित करीत व बिरोबा-खंडोबांवर मोठे ग्रंथ लिहीत. आपल्याच जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे बायकांच्या ओव्या व गाणी गोळा करून छापली. जर्मनीतून आलेल्या माणसास जे मोलाचे वाटले ते गावच्या शाळेस वाटू नये, ही गोष्ट थोडी विचार करावयास लावणारी आहे.

मेंढपाळाच्या मुलाचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. दिवाळी उलटली की वाडे चारा-पाण्याच्या शोधात निघतात. वाटेत लोकांच्या शेतांत रात्री मेंढरे बसवून खत देतात व त्याबद्दल धान्य वा पैसे घेतात. मूल आईबापांबरोबर गेले की हजेरीपटावर लाल शाईची ओळ लांबत जाते आणि ते परत आले म्हणजे ‘मागे पडलेले’ मूल ठरते. ज्या मुलास दोनशे मेंढरांतून आपली मेंढी ओळखता येते, ढगावरून पावसाचा अंदाज येतो आणि कोणता पाला विषारी हे कळते, त्यास वर्गात बाराखडी येत नाही म्हणून सर्वांत मागे बसविले जाते. बाराखडी त्यास आलीच पाहिजे, यात वाद नाही. पण तो जे घेऊन येतो ते वर्गात ठेवावयास आपण जागा केली आहे काय?

अध्यापनासंबंधी

पहिल्या तासास महाराष्ट्राचा नकाशा भिंतीस लावून पालघर व जत ही दोन ठिकाणे दोऱ्याने जोडावीत आणि मध्ये सह्याद्री खडूने दाखवावा. दुसऱ्या तासास मुलांस बाहेर न्यावे. चित्राचे सामान आपल्या शिवारातच शोधावे: पांढरी माती, चुनखडी, गेरू, कोळसा, बाभळीचा डिंक, करडईची किंवा तुरीची काडी. गावागावांतील माती निराळी असते. कोणती माती भिंतीस धरते व कोणती वाळल्यावर झडते, हे मुलांनीच करून पाहावे. दोन-तीन वेळा रंग झडेल, हात बरबटतील. त्याबद्दल रागावू नये. विकतच्या रंगाचे डबे त्या दिवशी कपाटात राहू द्यावेत.

तिसरे काम अधिक नाजूक आहे. गावात घोंगडे विणणारे, सूत काढणाऱ्या आजी, ओव्या गाणारे गडी असतील त्यांस शाळेत बोलवावे. ‘कार्यक्रम’ करू नये. हार-नारळ व भाषणे यांत वेळ जातो आणि ते लोक संकोचतात. खुर्चीऐवजी त्यांच्याच घोंगड्यावर मुलांमध्ये बसवावे. पाचवीच्या मुलांनी आधी घरून प्रश्न आणावेत: माळाचे, ओढ्याचे, चाऱ्याचे, मेंढीच्या रंगाचे व वयाचे शब्द कोणते? कानडी घरातील मुलांनी तेच शब्द कानडीत सांगावेत आणि फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहावेत. एखादी ओवी देवाच्या जागीच म्हणावयाची आहे, असे गाणाऱ्याने सांगितले तर ती लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. जे सांगितले ते वहीत उतरवून घेताना खाली सांगणाऱ्याचे नाव व गाव, त्याच्या संमतीने, अवश्य लिहावे. बाईने सांगितले असेल तर बाईचे नाव लिहावे. ‘अमक्याची आई’ एवढ्यावर भागवू नये.

यानंतर भिंतीचे काम. असलेली वारली चित्रे पुसण्याचे कारण नाही. त्यांच्या शेजारची भिंत घ्यावी आणि त्रिकोणी माणसांची नक्कल न करता मुलांस आपला मुलूख आपल्या रेघेने काढू द्यावा. मेंढरांचा कळप कसा काढावा, घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतलेला माणूस पाठीमागून कसा दिसतो, डाळिंबाची बाग, टँकरपुढील घागरींची रांग, ऊसतोडीला निघालेली बैलगाडी हे सारे मुले काढतील. आकृत्या वेड्यावाकड्या झाल्या तरी शिक्षकांनी त्यांवरून आपला हात फिरवू नये. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास भिंत कमी देखणी वाटली तर पाठाची वही त्याच्यापुढे ठेवावी.

हे काम हिवाळ्यात सुरू होईल तेव्हा मेंढपाळांची काही मुले गावात नसतील. वाडे मृगाच्या सुमारास, नवी शाळा सुरू होते त्याच दिवसांत, माळावर परततात. जी मुले बाहेर आहेत त्यांची नावे हजेरीवरून पाहून भिंतीचा तेवढा भाग लिंपून कोरा ठेवावा आणि ती आली म्हणजे त्यांस पहिल्याच आठवड्यात माती कालवून द्यावी.